दोघांनी उचलायची आगळ

विसूभाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवअंक निघणार आहे आणि त्यात तरुण पिढीतल्या कुणाचा तरी एक लेख हवा आहे, म्हणून समितीच्या चिटणिसांचा मला फोन आला. मी म्हटलं, माझा लेख तुम्हाला चालणार नाही. ते म्हणाले, "अगं, चार आठवणी लिही. तू वखारीत हिंडली आहेस ना त्यांच्याबरोबर? शेवटी उदंड आयुष्य वगैरे घाल, झालं." मी चार आठवणी लिहिल्या. उदंड आयुष्य घातलं नाही. लेख परत आला. तोच हा.

आमच्या घरी देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा बंदरावरच्या हमालांची आणि मासळी बाजारातल्या बायकांची पत्रकं छापून आणायचे, मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे मला एक सवय लागली. माणूस बोलायला लागला की हा कुणाच्या बाजूनं बोलतोय ते मी आधी बघते. विसूभाऊंच्या बाबतीत हे कळायला मला फार वेळ लागला, कारण समोर जो उभा असेल त्याच्या बाजूनं ते बोलायचे.

गावासाठी ते विसूभाऊ. वर्तमानपत्रांसाठी इतिहासाचार्य. ही पदवी त्यांना कुणी दिली ते मी बरंच शोधलं. एका सत्काराच्या बातमीत ती पहिल्यांदा दिसते आणि ती बातमी त्यांनी स्वतः लिहून दिलेली होती. बंदरावरच्या बायकांसाठी मात्र ते वखारमास्तर. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मांडवीच्या पुढची जुनी वखार धरली, ती आजतागायत सोडली नाही.

वखार साधीच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, चुन्यानं भरलेले सांधे, वर मंगलोरी कौलं. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं पुरुषभर उंच. रस्त्याच्या बाजूला एक लांबलचक दालन, त्याला लोखंडी दार आणि माणसाच्या डोक्याएवढं कुलूप. दर्याच्या बाजूला त्याच भिंतीला पाठ लावून एक छोटी खोली. दालनातून ह्या खोलीत जायला वाट नाही. तिचं एकमेव दार दर्याकडे उघडतं आणि त्याला बाहेरून एक आडवी लाकडी आगळ बसते. ही खोली आणि ही आगळ लक्षात ठेवा, बाकी वखार विसरलात तरी चालेल. विसूभाऊंनी तेच केलं, फक्त उलट.

पांढरा झब्बा, खांद्याला शबनम, हातात बारा महिने छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती भिंतीवर आपटायला होती. टोकानं चिऱ्यावर ठकठक करायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ऐकलंत? चिरा बोलतो. नोंद घ्या." समोरची मंडळी खरोखर वह्या काढायची. 'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद होतं. चहात साखर जास्त झाली तरी ते हॉटेलवाल्याला "नोंद घ्या" म्हणायचे. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात कशाची नोंद केली नाही. केली असती तर कालची नोंद आजच्या नोंदीशी भांडली असती.

शबनममध्ये पाण्याची बाटली असायची, पण पिण्यासाठी नाही. सुका जांभा मळकट दिसतो. त्यावर पाणी पडलं की आतला लाल रंग भसकन वर येतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण पाहुण्यांना नसतं. विसूभाऊ बोलता बोलता ओंजळभर पाणी भिंतीवर फेकायचे. चिरा लालभडक व्हायचा. मग ते आवाज खाली आणायचे. "रक्त आहे हे. कुणाचं, ते इतिहासाला विचारा."

पाहुण्या बायका तोंडावर हात ठेवायच्या. जोत्यावर सुकट निवडत बसलेली गंगाकाकी मान वर न करता म्हणायची, "मास्तरानू, ह्या भिंतीला रोज आंगोळ घालताव, ती काय लग्नाला जायाची हाय?"

गंगाकाकी खारवीण. तिच्या घरची होडी पिढ्यान्‌पिढ्या ह्याच किनाऱ्यावर ओढली जाते. वखारीच्या त्या जोत्यावर तिची आणि तिच्या जावेची, शेवंतीची बसायची जागा. विसूभाऊ तिच्या बोलण्यावर हसायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "हा आपला लोकविनोद." तीही वखारीचाच एक चिरा असल्यासारखं.

त्या दोघींचं आणि मास्तरांचं एक गुपित होतं. विसूभाऊंच्या घरी लसूणसुद्धा चालत नाही, आणि विसूभाऊंना सुकट फार प्रिय. पाहुणे गेले की गंगाकाकी कागदाची पुडी बांधून त्यांच्या शबनममध्ये बाटलीखाली सारायची. ते मागायचे नाहीत, ती विचारायची नाही. मग ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्टोव्हवर ती सुकट भाजून खायचे. साऱ्या आळीला वास जायचा आणि सारी आळी गप्प बसायची. इतकी वर्षं, इतक्या बायका, पण एकीनं कधी मास्तरांच्या घरी शब्द पोचू दिला नाही.

आता त्यांच्या इतिहासाबद्दल. पुण्याचे स्थापत्याचे विद्यार्थी आले की वखार पोर्तुगिजांची असायची. परदेशी पाहुणा आला की डचांची. एखाद्या पुढाऱ्याची गाडी आली की ती स्वराज्याच्या आरमाराचं कोठार व्हायची आणि विसूभाऊंचा आवाज चढायचा. रिसॉर्टवाल्यांचे पाहुणे आले की चाचे. एका रविवारी मात्र घोटाळा झाला. सकाळी आलेले विद्यार्थी पोर्तुगीज ऐकून उठले होते, पण गेले नव्हते. मागच्या बाजूला बसून वखारीची चित्रं काढत होते. तेवढ्यात एका नेत्याचे कार्यकर्ते झेंडे घेऊन उतरले आणि विसूभाऊंनी आरमार काढलं. छत्री तलवारीसारखी उपसली. "ह्या चिऱ्यांनी परकीयांचा वारासुद्धा आत येऊ दिला नाही!"

चित्र काढणारी एक मुलगी उठून आली. "सर, मघाशी तुम्ही म्हणालात पोर्तुगिजांनी बांधली."

कार्यकर्ते वळून बघायला लागले. दुसरा कुणी असता तर घामाघूम झाला असता. विसूभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, इतिहासाला अनेक मजले असतात. नोंद घे."

वखारीला मजला एकच आहे. पोटमाळासुद्धा नाही. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. गंगाकाकीनं मला हळूच विचारलं, "गो, मास्तर कंच्या मजल्यावर ऱ्हातात?"

इथपर्यंतचे विसूभाऊ नुसते हास्यास्पद आहेत, आणि हास्यास्पद माणसांवर मी पत्रक काढत नाही. त्यांना सत्य ठाऊक नसतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण त्यांना ते ठाऊक होतं. त्या वखारीबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण एकदा त्यांनी ते मला सांगितलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भर मे महिन्यात त्यांनी वखारदर्शनाचा कार्यक्रम लावला होता. उन्हाच्या भीतीनं कुणी फिरकलं नाही, मी एकटी गेले. मासळी बाजारात पत्रकं वाटणाऱ्याची मुलगी. माझ्यासमोर मिरवून काय मिळणार? विसूभाऊ जोत्यावर टेकले, झब्ब्याच्या टोकानं मान पुसली आणि त्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "काय दिसतं?"

"दार."

"दाराला काय नाही?"

मी बघितलं. "कुलूप नाही."

"कडीकोयंडासुद्धा नाही. खिळ्याची खूणही नाही. पलीकडे व्यापाऱ्याच्या दालनाला केवढं कुलूप, आणि इथं नुसती आगळ. उचल बघू ती."

मी आगळीला हात घातला. ऐनाचं लाकूड, जुन्या होडीच्या डोलकाठीचा तुकडा, हातांनी घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला. एक टोक उचललं की दुसरं खाचेत रुतायचं. दुसरं उचलावं तर पहिलं. मी घामानं भिजले, आगळ जागची हलली नाही.

विसूभाऊ हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. "नाही उचलायची. मुद्दाम तशी केली आहे. दोन टोकांना दोन माणसं लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढल्या की सगळ्या नाखव्यांची शिडं, सुकाणू, जाळी ह्या खोलीत यायची. दोघं मिळून आगळ घालायचे, नारळ वाढवायचे, आणि थेट नारळी पौर्णिमेला काढायचे. एकट्याला ती उघडता येऊ नये. व्यापाऱ्याला नाही, चोराला नाही, आणि आपापसात भांडण झालं तर एकट्या नाखव्यालाही नाही. ह्या खोलीचं कुलूप म्हणजे दुसरा माणूस."

मग ते उठले आणि मला ती खोली त्यांनी वाचून दाखवली. जमीन दर्याकडे उतरती, का, तर ओल्या जाळ्यांचं पाणी वाहून जावं. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर भोकांची रांग, का, तर वारा खालून शिरावा आणि जाळी कुजू नयेत. आतल्या खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर, कारण सुकाणूंची लांबी वेगळी. वखार ना पोर्तुगिजांची ना डचांची. मीठ, कौलं आणि तांदूळ ठेवायला इथल्याच एका व्यापाऱ्यानं इथल्याच गवंड्यांकडून बांधून घेतलेली. पण जागा होड्या ओढायची होती. ती खारव्यांनी सोडली ती एका अटीवर, की दर्याकडची खोली त्यांची. म्हणून तिचं नाव नाखव्याची खोली.

पाणी फेकलं नाही. छत्री आपटली नाही. एकदाही 'नोंद घ्या' म्हणाले नाहीत. मी आजवर ऐकलेलं ते सगळ्यात सुंदर व्याख्यान होतं, आणि ते ऐकायला मी एकटी होते.

"हे तुम्ही सगळ्यांना का सांगत नाही?" मी विचारलं.

त्यांनी छत्री उचलली. "हे ऐकायला पुण्याहून कोण येतं गं? बाहेरून लावलेली आगळ दिसली की लोकांना आत कैदी हवा असतो."

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर खोलीच्या दारावर पाटी लागली. 'चाच्यांची कोठडी'. खाली बारीक अक्षरात, 'संशोधन: इतिहासाचार्य विसूभाऊ'. गंगाकाकीला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, काय लिवलाय? मी सांगितलं. ती म्हणाली, "लिवूदे. पावन्यांना मजा येते. खोली कुठं पलून जाते?"

खोली पळून गेली. त्या व्यापाऱ्याचे वारस कधीच मुंबईला गेलेले, त्यांनी वखार एका हॉटेलवाल्याला दिली. जुन्या भिंती, आत थंडगार खोल्या, समोर दर्या. रस्त्याकडच्या दालनाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं, ते व्यापाऱ्याचंच होतं. पण हॉटेलवाल्याला दर्याकडची खोली आणि जोतंही हवं होतं. खारवी कुटुंबांनी हरकत घेतली. त्यांची मागणी एवढीच, की खोली वहिवाटीनं आमची आहे, ती सोडून बाकी सगळं घ्या. पावसात जाळं भिजत पडलं की कुजतं, आणि जाळं कुजलं की गंगाकाकीच्या मुलाचा पुढचा हंगाम बुडतो. ही खोली त्यांच्यासाठी इतिहास नव्हती.

प्रांतसाहेबांपुढे सुनावणी लागली. वहिवाट होती की नाही, हे सांगायला इतिहासाचार्यांना बोलावलं गेलं. मी बाबांच्या जुन्या सवयीनं पत्रक काढायला बसले, तर गंगाकाकीनं मलाच समजावलं. "कशाला कागद फुकट घालवतंस? मास्तर हायत ना. त्यानला सगला म्हाईत हाय."

सुनावणीच्या दिवशी विसूभाऊ रेशमी झब्ब्यात आले. बायका मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांना बघून त्यांनी मान हलवली, आणि गंगाकाकीनं पदर सारखा केला, घरचं माणूस आल्यासारखा.

साहेबांनी विचारलं, "विसूभाऊ, आपला ह्या वास्तूचा अभ्यास आहे. दर्याकडची खोली मच्छीमारांच्या वापरातली होती का?"

विसूभाऊंनी छत्रीचं टोक टेबलाच्या पायावर हलकेच आपटलं. "स्थापत्य काय सांगतं ते पाहू. आगळ कुठं आहे? बाहेरून. म्हणजे आतला माणूस कोंडलेला. ही कोठडी होती. नोंद घ्या."

आणि कोपऱ्यातल्या लेखनिकानं नोंद घेतली. आयुष्यभर ते हे दोन शब्द हवेत उडवत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते कागदावर उतरले, आणि तिथून पुढे कुणाला खोडता आले नाहीत.

मी उभी राहिले. "भिंतीतली भोकं कशाला आहेत मग?"

"कैद्यांना हवा."

"खुंट्या?"

"साखळ्यांसाठी."

मी काही म्हणायच्या आत गंगाकाकी उठली. ती कधी अशा जागी बोललेली नव्हती. हात जोडूनच बोलली. "मास्तरानू, तुमाला ठावं हाय. माझा सासरा नि त्याचा भाव आगळ घालीत, आता मी नि शेवंती घालताव. तुमी बगितलाव तुमच्या डोल्यांनी. दर वर्षाला नारल वाढवताव तेचा परसाद तुमी खाल्लाव. तेवढाच सांगा सायबानला. जास्ती काय नको."

विसूभाऊंनी तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांकडे बघून ते अतिशय शुद्ध मराठीत म्हणाले, "लोकस्मृती आदरणीय असते. परंतु ती पुरावा नव्हे."

मागच्या बाकांवरच्या प्रत्येक बाईला वाचनालयामागचा स्टोव्ह ठाऊक होता. एक वाक्य पुरलं असतं, साऱ्या सभेत त्या रेशमी झब्ब्याची फजिती झाली असती. मी वाट बघत होते. कुणीच बोललं नाही. त्या नुसत्या उठल्या आणि मासळीच्या पाट्या उचलून बाजाराला गेल्या. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सुनावणीत पुरावा शोधणाऱ्यांना तो तिथंच दिसायला हवा होता. कुलपाशिवाय एखादी गोष्ट कशी राखतात, ते त्या बायका बसल्या जागी दाखवून गेल्या.

विसूभाऊंना ह्याचं काय मिळालं? पैसे नाही. ते खाल्ले असते तर मला एवढी किळस आली नसती. पैसा खाणारा निदान घाबरून इकडेतिकडे बघतो. विसूभाऊंना मिळालं ते एक दालन. म्हणजे त्याचं नाव. रस्त्याकडच्या हॉलला 'विसूभाऊ दालन' म्हणायचं हॉटेलवाल्यानं कबूल केलं आणि भिंतीवर त्यांचं तैलचित्र लावलं. एका माणसानं तीस-चाळीस घरांची खोली विकली आणि मोबदल्यात स्वतःचाच चेहरा घेतला.

निकालानंतर खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा पावसाळा जवळ आला होता. ज्या दिवसांत जाळी आत जायची त्या दिवसांत गंगाकाकी आणि शेवंती ती बाहेर काढत होत्या. नेमके तेव्हाच विसूभाऊ एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला घेऊन आले. हॉटेलवर पुरवणी निघणार होती. फोटोग्राफरला कल्पना सुचली, की इतिहासाचार्यांनी आत उकिडवं बसावं, दार लावावं, आणि भोकांतून त्यांचा कैद्यासारखा फोटो घ्यावा. विसूभाऊंना ती फार आवडली. आत जाऊन ते बायकांना म्हणाले, "जरा आगळ घाला हो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन टोकं धरली, उचलली, खाचांत बसवली. फोटोग्राफर गुडघ्यांवर बसून भोकांतून फोटो काढायला लागला. बायकांनी जाळी डोक्यावर घेतली आणि खाली किनाऱ्याकडे चालायला लागल्या.

फोटो झाले. फोटोग्राफरनं आगळीला हात घातला. एक टोक उचललं, दुसरं रुतलं. मी जोत्याच्या पायरीवर बसून बघत होते. मी उठले नाही.

आतून आवाज आला. "काय झालं?"

"निघत नाही हो ही!"

"अहो, एकट्यानं नाही उचलत ती. दोघं लागतात. त्या बायकांना बोलवा!"

फोटोग्राफर मला म्हणाला, "ताई, जरा हात लावता?" मी म्हटलं, "माझा काय संबंध? कोठडी आहे ना, पहारेकऱ्याला बोलवा." तो धावत किनाऱ्यावर गेला. गंगाकाकी सावकाश वर आली, जोत्यावर बूड टेकून बसली, भोकाजवळ तोंड नेलं.

"मास्तरानू."

"अगं गंगे, उघड. गुदमरतंय."

"गुदमरतंय कसा? चांगला वारा हाय की आत. कैद्यांचा." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "खोली कोनाची वो, मास्तरानू?"

बाहेर पाणी खडकांवर येऊन परत जात होतं. फोटोग्राफरला काही कळत नव्हतं, तो आमच्या तोंडांकडे बघत होता.

"नाखव्याची," आतून आलं. हळू, पण स्पष्ट. "नाखव्याची खोली."

दोघी लगेच उठल्या आणि आगळ काढली. एक क्षणसुद्धा जास्त घेतला नाही. विसूभाऊ बाहेर आले, झब्बा झटकला, छत्री घेतली आणि फोटोग्राफरला बाजूला नेऊन म्हणाले, "शेवटचं ते छापू नका हं. थट्टा चालली होती आमची." रविवारी पुरवणी आली. भोकातून दिसणारा अर्धा चेहरा, खाली ओळ: 'चाच्यांच्या कोठडीत इतिहासाचार्य'.

पण त्या दिवशी निघता निघता गंगाकाकीनं कमरेची पुडी काढली आणि नेहमीसारखी त्यांच्या शबनममध्ये बाटलीखाली सारली. मला वाटलं, आता तरी हा माणूस ती परत करील. निदान हात मागे घेईल. विसूभाऊंनी शबनमचं तोंड थोडं मोठं करून धरलं. मग ते धक्क्यावरून चालत गेले आणि त्यांच्या मागून, शेपटी वर करून, बंदरावरचं एक मांजर.

"का दिलीस गो?" मी गंगाकाकीला विचारलं.

"तेची सवय हाय," ती म्हणाली. "आनि माजी पन."

मग तिनं आणि शेवंतीनं आगळ उचलली, एक पुढे, एक मागे, आणि घेऊन चालल्या. हॉटेलचा माणूस ओरडला, ती वखारीची आहे म्हणून. शेवंती न थांबता म्हणाली, "कोठडी तुमची, डोलकाठी आमची." आता जाळी रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली असतात. पहिल्याच पावसात त्यातली काही कुजली. आगळ दोन चिऱ्यांवर आडवी टाकली आहे. त्यावर बसून दोघी सुकट निवडतात.

विसूभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते हॉटेल उघडलं त्या दिवशी. मी त्या आगळीवर गंगाकाकीशेजारी बसले होते. तिथून दर्याकडचं जोतं सरळ दिसतं. खोलीला आता आतून वातानुकूलन आहे, भोकांना काच आहे, आणि दाराला हॉटेलवाल्यानं नवी आगळ करवून घेतली आहे. प्लायवूडची, आतून पोकळ, वरून जुनाट रंग दिलेली. सकाळी एक वेटर ती काखेत मारून आणताना आम्ही पाहिला होता.

पाहुण्यांचा घोळका घेऊन विसूभाऊ आले. पाणी फेकलं. रक्त झालं. मग आगळीजवळ थांबले. "चाचे पळू नयेत म्हणून केलेली ही योजना पाहा. एकट्यानं उचलत नाही ही. दोघं लागतात. नोंद घ्या. या, कुणीतरी तिकडून धरा."

घोळक्यातला एक धडधाकट पाहुणा पुढे झाला. बाह्या सारल्या. विसूभाऊ दुसऱ्या टोकाला वाकले, गुडघे दुमडले, दम घेतला, डोळे मिटून कण्हले. पाहुण्यानं सगळा जोर लावून आपलं टोक उचललं आणि अख्खी आगळ फटदिशी त्याच्या डोक्याच्याही वर गेली. लोक हसले. तो आगळ हवेत धरून भांबावून उभा.

विसूभाऊंना ते कळलंच नाही. ते तसेच वाकलेले होते. डोळे मिटलेले, कपाळावरची शीर टरारलेली, दोन्ही हात रिकामे, आणि चेहऱ्यावर सगळं ओझं.